ऐब सांगणारे नईम सर

नईम सरांनी आपली स्कूटर विकायला काढली, तेव्हा डोणगावहून एक गिऱ्हाईक आलं. सरांनी त्याला आधी चहा पाजला आणि मग स्कूटरचे दोष सांगायला घेतले. पहिला गिअर पडत नाही, दुसरा पडला तर निघत नाही, आणि ब्रेकच्या भरवशावर उतार उतरू नये. गिऱ्हाइकानं सरांना हात जोडले आणि ते एसटीनं परत गेलं. स्कूटर अजून अंगणातच आहे.

"ऐब सांगतल्याबिगर सौदा हराम हाय, गुरुजी," हे ते मला दिवसातून एकदा तरी ऐकवतात. ऐब म्हणजे खोट. मेहकरात आमच्या घरांची भिंत एकच, त्यामुळे ऐकणं भागच. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी इस्लामी अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, तीही विकणाऱ्यानं मालातली खोट सांगावी या एकाच नियमावर. दूरदूरच्या देशांतून त्यांना व्याख्यानांची बोलावणी येत. गावाला मात्र एवढंच कळलं, की सर बिनव्याजी पैशांचे डॉक्टर आहेत. मग काय, दारात कर्ज मागणाऱ्यांची रांग. सर प्रत्येकाला बसवून तासभर विषय समजावत. रांग आपोआप मोडली.

त्यांच्यासोबत बाजारात जाणं म्हणजे शिक्षाच. संत्र्यांच्या ढिगातली डागी फळं शोधून ते वर मांडतात. एका गाडीवाल्यानं तर त्यांना घरपोच संत्री देऊ केली, फक्त गाडीजवळ येऊ नका म्हणाला.

अशा माणसाच्या मुलीला पाहायला खामगावहून पाहुणे येणार होते. लहानपणीच्या तापापासून नाझनीनला डाव्या कानानं ऐकू येत नाही. आधीची दोन स्थळं सरांनी नियमाप्रमाणे पहिल्याच चहाला हा ऐब सांगितल्यामुळे गेली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणून सरांची थोरली बहीण, आपा, शेगावहून आल्या आणि त्यांनी मला सरांच्या शेजारी बसवलं. सरांनी तोंड उघडलं की मांडीला चिमटा काढायचा, एवढंच माझं काम. आधी लग्न ठरू द्या, कानाचं मग बघू, असं आपांचं म्हणणं. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं.

चहा झाला. मुलाच्या वडिलांनी मुलीबद्दल विचारलं. सर खाकरले, मी चिमटा काढला, तर त्यांनी माझा हातच धरून ठेवला. ते उर्दूत बोलले, मी आपलं मराठीत सांगतो.

"ऐब मालात असतो, माझ्या लेकीत नाही. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून इतकी वर्षं मी तिच्या उजव्या बाजूनं चालतो. तुमच्या मुलाला तेवढं जमेल का?"

आपांनी डोळे मिटून घेतले. उत्तर मुलानंच दिलं. जमेल, म्हणाला.

लग्न होऊन नाझनीन खामगावला गेली. तोवर रोज सकाळी बापलेक फिरायला जात. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी मला हाक मारली. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि ते थांबले.

"गुरुजी, मले समजूनच नाही राह्यलं, आता कोन्त्या बाजूनं चालू."

मी त्यांच्या डाव्या हाताला, नाझनीनच्या जागेवर गेलो आणि आम्ही स्टँडपर्यंत तसेच चालत राहिलो.