मालकाला रजा नसते

भांडुपच्या हर्षद परबची इन्कम टॅक्स भरायला मुळीच हरकत नव्हती. तो दुसऱ्या कुणीतरी भरावा, एवढंच त्याचं म्हणणं. घरातूनच गणिताचे ऑनलाइन क्लास घेणारा गडी. मुलांना चक्रवाढ व्याज शिकवायचा, पण रिटर्न म्हटलं की लगेच विषय बदलायचा.

शेवटी त्याने शाळेतल्या दोस्ताला, सीए झालेल्या नितेशला गाठलं.

"पालकांचा ग्रुप, फी, टाइमटेबल कोण बघतं?"

"श्रुतिका. बायको."

"फुकट? येड्या, तिला पगार दे! खर्चात दाखवू. फक्त पगार खरंच द्यायचा आणि काम खरंच झालं पाहिजे हां."

झकास! पैसा घरातच राहणार (लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याला असं वाटलं). श्रुतिका बी.कॉम., अकाउंट्समध्ये मुरलेली. तिने नेमणूकपत्र नीट वाचून सही केली. हर्षद त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपमधून आनंदाने बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी क्लास संपताच त्याने हाक मारली, "श्रुती, चहा टाक ना."

"कामाच्या वेळेत? पगारात चहा येत नाही रे."

त्याने गपचूप दोन कप टाकले. स्टाफला चहा मालकाने द्यायचा असतो म्हणे.

इथवर ठीक होतं. पण भाद्रपद आला आणि श्रुतिकाने गणपतीची रजा टाकली.

"वा! जाऊया गावाला!"

"मी जाते. दोघं गेलो तर क्लास कोण घेणार? पालकांनी फी भरलीय, आणि गावाला रेंज नाही."

"अगं, मी जन्मात गावचा गणपती चुकवला नाही!" हर्षदला रडूच यायला लागलं.

"नोकरी असती तर रजा मिळाली असती," ती खरंच हळहळली. "मालकाला कोण देणार?"

हरतालिकेच्या संध्याकाळी, मालवणजवळच्या त्याच्या गावी गणपती घरी येत असताना, हर्षद लॅपटॉपसमोर बसला. बसला, बसला, स्क्रीनवर तो एकटाच. वैतागून त्याने गावच्या लँडलाइनवर फोन लावला.

"अगं, एकही मूल आलं नाही!"

"कशी येतील? कुणी कणकवलीला, कुणी चिपळूणला. वाटेत येताना ग्रुपवर मेसेज दिसले, आठवडाभर क्लास नको म्हणून."

"मग मला सांगायचं ना!"

"मी रजेवर आहे ना रे! रजेवर कुणी ऑफिसचं काम करतं का?"

मागून हर्षदच्या आईने मुलाची चौकशी केली, "गो, माजो झील खंय ऱ्हवलो?"

"ऑफिसात, आई," श्रुतिका म्हणाली. "सगळा स्टाफ रजेवर गेलाय ना, कुणीतरी थांबायला हवं."