हॉजसन कुणाचा?

कडा गावच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात क्रिकेटचा सामना लागला की बाकीचे धावा बघतात, मन्मथअप्पा खेळाडूंच्या पाठीवरची नावं बघतात. इंग्रज फलंदाज पाठमोरा झाला, की अप्पांचा चष्मा कपाळावरून नाकावर येतो.

"हॅरिसन. म्हंजे हॅरीचं पोरगं," अप्पा जाहीर करतात.

तो शून्यावर परतला तर "गेलं बिचाऱ्या हॅरीचं," एवढंच म्हणतात. ज्या हॅरीला जाऊन काही शतकं झाली असतील, त्याच्याबद्दल कड्यात हळहळणारा हा एकच माणूस.

अप्पांचं किराणा दुकान आहे. वय पासष्टच्या पुढे, इंग्रजी दहावीपर्यंतचं, तीही दोनदा दिलेली. या नादाचं मूळ दुकानामागच्या पिठाच्या गिरणीत आहे. गिरणीचं जुनं इंजिन विलायती होतं आणि त्याच्यावर पितळेची पट्टी होती, 'हॉजसन'. इंजिन भंगारात गेलं, पट्टी अप्पांनी गल्ल्याच्या वर ठोकली. पुढे एकदा रद्दीत इंग्रजी आडनावांचा जाडजूड कोश आला. अप्पांच्या लक्षात येईपर्यंत 'ए' ते 'सी' ही पानं जिऱ्या-मोहरीच्या पुड्या होऊन गावात गेली होती. त्यामुळे अँडरसनच्या बापाबद्दल अप्पा आजही मौन पाळतात.

'एच' मात्र शाबूत होतं. हॉजसन म्हणजे हॉजचा मुलगा. हॉज म्हणजे रॉजर, हाका मारून मारून झिजलेला. इंग्लंडच्या खेड्यांत हॉज इतके झाले, की शेतात राबणाऱ्या कुणालाही लोक हॉजच म्हणू लागले. सरकारी दप्तरात माणूस ओळखू यावा म्हणून मुलापुढे बापाचं नाव जोडलं गेलं. ते नातवालाही चिकटलं आणि पुढे कुणी सोडवलं नाही.

"शेतकरी गड्याचं नाव हाय गुरुजी, राजाचं न्हाई," अप्पा मला सांगतात. "आन् लेकरांनी लाज न धरता पितळंवर कोरलं."

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे हे ऐकणं माझं काम, अशी गावाची समजूत आहे. एकदा मी म्हणालो, "आपणही बापाचं नाव मधे लावतोच की."

"मधल्याला कोण पुसतंय?" अप्पा म्हणाले, आणि काही कारण नसताना गूळ फोडू लागले.

चौकात वाढदिवसाचे फलक लागतात, तेव्हा अप्पा ते सावकाश, पूर्ण वाचतात. कार्यसम्राट, विकासपुरुष, गोरगरिबांचे कैवारी. मग फलक बांधणाऱ्या कार्यकर्त्याला विचारतात, "समदं हाय. बाप कुठंय?"

"अप्पा, भाऊंना बापाच्या नावाची गरज न्हाई."

"मंग लईच अवघड हाय बे."

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. मागच्या उन्हाळ्यापर्यंत.

मन्मथ सहा वर्षांचा असताना दत्तक गेला, हे गावाला माहीत आहे. थोरले चुलते विश्वनाथशेठ, त्यांना दुकान होतं, मूल नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ गुंडाप्पा, म्हणजे मन्मथचा बाप, त्याला तीन एकर कोरडवाहू आणि दोन मुलगे. थोरला सोमनाथ राहिला, धाकटा मन्मथ एक गल्ली ओलांडून गेला. कागदावर बाप बदलला. जन्मदात्याला त्या दिवसापासून 'काका' म्हणायचं ठरलं. गाव त्याला 'गुंड्याचं मन्मथ' म्हणायचं, तेही बंद झालं. विश्वनाथशेठनी पोराला तळहातावर जपलं. तक्रार करावी अशी एकही गोष्ट घडली नाही, त्यामुळे ती कधी करता आली नाही.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याला स्थायिक झालेल्या सोमनाथदादांनी वडिलांच्या समाधीवर कोरीव दगड बसवायचं ठरवलं. मजकूर मी लिहायचा होता. भर दुपारी दुकान उघडं टाकून अप्पा माझ्याकडे आले.

"दादाला फोन केलता. म्हणलं, दगडावर माझंबी नाव टाका. मुलगा म्हणू नगा, नुसतं नाव."

"मग?"

"दादा म्हणले, कागदावर तू पुतण्या हाईस. पाहुण्यांत उगं चर्चा व्हती."

मी जे बोललो त्याला समजूत घालणं म्हणतात. मग सांगितल्याप्रमाणे मजकूर लिहून दिला: वर गुंडाप्पांचं नाव, खाली एकट्या सोमनाथांचं. शुद्धलेखन मात्र दोनदा तपासलं.

दगड बसला त्या दिवशी आम्ही पंधरावीस जण होतो. पुढे सोमनाथदादा, हातात बेलपानं. अप्पा सगळ्यांच्या मागे कडुलिंबाखाली, हातात पिशवी, परगावाहून आलेल्या पाहुण्यासारखे. कुंपणापाशी शेळ्या घेऊन म्हादूबाबा धनगर उभा होता. गुंडाप्पाच्या रानात त्यानं तरुणपणी खतासाठी मेंढरं बसवली होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू. तो जवळ आला, एकेक चेहरा न्याहाळत गेला आणि अप्पांपाशी थांबला.

"कुणाचा रं तू?"

अप्पांनी हा प्रश्न अख्ख्या इंग्लंडला विचारला होता. त्यांना कुणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. पूजा सांगणाऱ्या जंगमस्वामींचा मंत्र मधेच थांबला. सोमनाथदादांची पाठ ताठ झाली. कागदावरचं उत्तर साऱ्यांना ठाऊक होतं.

अप्पांनी पिशवी खाली ठेवली.

"गुंड्याचा," ते म्हणाले.

"मंग हितं मागं कावून हुबा? म्होरं हो की."

हातातल्या बेलपानांतली निम्मी दादांनी मागे न बघता, हात लांब करून धरली. ती घ्यायला अप्पांना पुढे जावंच लागलं.