चारशे सहा अंकांस घर शोधिल्याचे वर्तमान

श्रीशारदेस दंडवत, आणि जी पाने उघडावयास कोणी उरले नाही त्या पानांसही दंडवत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, त्या साली या नगरीत जो अन्याय जाहला तो स्वामींनी पुसिला, त्यास जैसे घडले तैसे लिहितो. अक्षर वाकडे पडले तर संतापाने पडले ऐसे समजावे.

नगरीत शरयूबाई नाडगौडा म्हणोन होत्या, टेलिफोन कचेरीत छत्तीस वर्षे चाकरी करून निवृत्त जाहलेल्या, वय चौऱ्याहत्तर, लग्न केले नाही, आणि छंद एकच, घरी बसोन रेडिओ जोडणे. त्या छंदाचे ‘बिनतारी मित्र’ नामे मासिक पूर्वी निघत असे, त्यात दरमहा एका रेडिओची आकृती येई, कोणती तार कोठे जोडावी ते सर्व, आणि छापणारे घाईचे, म्हणोन आकृतीत चुका राहत. मग बाई स्वतः तो रेडिओ जोडून पाहत, चूक सापडे तेथे शिसपेन्सिलीने दुरुस्त करीत, आणि समासात तारीख घालीत. ऐसे जवळजवळ चौतीस वर्षांचे चारशे सहा अंक बाईंनी जपिले, एकाही पानास वाळवी लागो दिली नाही. त्या साली वैशाखात बाई राहत ती इमारत पाडावयास निघाली आणि बाईंस भाड्याची एक खोली मिळाली, तीत पलंग मावे तर मासिके न मावत. मग बाई प्रथम नगरवाचनालयात गेल्या. तेथील चिटणीस मान वर न करिता म्हणाले, “मासिकं आम्ही घेत नाही हो. जागाच नाही.” आणि त्यांच्या पाठीमागे सत्कारसमारंभाच्या दोनशे खुर्च्या एकीवर एक रचून ठेविल्या होत्या, त्यांस मात्र जागा होती.

मग कोणी सांगितले की यंत्रविद्येच्या महाविद्यालयात जावे, तेथील प्राचार्य डॉ. पराग भेंडे मोठे गुणग्राहक. बाई गेल्या, आणि प्राचार्य उठोन उभे राहिले, चहा मागविला, आणि आषाढात मोठा समारंभ केला, बाईंस शाल पांघरविली, फोटो काढिले, आणि ध्वनिक्षेपकावरून बोलिले, “हा ठेवा आम्ही प्राणापलीकडे जपू. आमच्या विद्यार्थ्यांना यातून दृष्टी मिळेल.” बाई भोळ्या नव्हत्या, परंतु त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले, हे लेखकाने समक्ष पाहिले.

पुढे चार मास गेले. नगरीत उस्मानभाई अत्तार म्हणोन जुन्या रेडिओंचे कारागीर, तांबट आळीच्या तोंडाशी त्यांचे दुकान, आणि बाईंचा त्यांचा तीस वर्षांचा घरोबा. त्यांजकडे एका म्हाताऱ्याने बापाचा रेडिओ आणिला, तो कित्येक वर्षे मुका, आणि उस्मानभाईंनी बाईंस पुसिले, “आपा, याची आकृती तुमच्या मासिकात होती ना?” बाई म्हणाल्या, “होती. एकोणऐंशी सालचा श्रावणातला अंक. आत्ता आणते.” आणि कार्तिकातल्या उन्हात रिक्षा करून महाविद्यालयात गेल्या. ग्रंथालयात पुसिले तर तेथील मुलगी संगणकात पाहून म्हणाली की अशी नोंदच नाही. बाई दालनोदालनी हिंडल्या, गुडघे दुखो लागले, आणि शेवटी उपाहारगृहात मंदाताई म्हणोन पोळ्या लाटीत होत्या त्यांनी लाटणे ठेविले आणि म्हणाल्या, “ती रेडिओची पुस्तकं होय? मागच्या जिन्याखाली टाकलीत बघा, टाकीच्या खाली. स्वागतकक्ष करायला ती ठेवली होती ती खोली रिकामी केली नव्हं? बरीच रद्दीवाल्यानं नेली परवा. मी म्हटलं होतं, कुणाची तरी आहेत ती. पण माझं कोण ऐकतंय?”

बाई जिन्याखाली गेल्या. टाकी गळत होती आणि गठ्ठे भिजोन फुगले होते, आणि एका गठ्ठ्यावर पाय देऊन कोणी झेंडे टांगिले असावेत, बुटाचा ठसा उमटला होता. बाईंनी तेथेच फरशीवर बसोन मोजिले. दोनशे अठ्ठ्याऐंशी उरले, एकशे अठरा गेले, आणि श्रावणाचा अंक गेल्यांत होता. मग बाई ओल्या हातांनी थेट प्राचार्यांच्या दालनात शिरल्या, शिपाई आडवा आला त्यास म्हणाल्या, “हात लावून बघ मला,” आणि तो बाजूस जाहला. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, शांत व्हा. अहो, हल्ली सगळं नेटवर मिळतं.” बाई म्हणाल्या, “काढून दाखवा.” प्राचार्य म्हणाले, “काय?” बाई म्हणाल्या, “माझी दुरुस्ती. एकोणऐंशी सालची, माझ्या हातची. काढा ना. मी थांबते.” आणि खुर्चीत बसल्या. प्राचार्य घड्याळाकडे पाहत राहिले. मग बाई उठल्या आणि म्हणाल्या, “नको होती तर नाही म्हणायचं होतंत. त्या वाचनालयवाल्यानं निदान तोंडावर नाही म्हटलं.”

त्याच दिवशी टेम्पो करून बाईंनी उरलेले सर्व अंक उस्मानभाईंच्या दुकानी आणिले. उस्मानभाईंनी मोडके रेडिओ माळ्यावरून उतरविले आणि जागा केली, आणि त्यांच्या बीबी रशीदाबी यांनी गच्चीवर दोऱ्या बांधोन एकेक पान वाळत घातले, मग मंद इस्त्री फिरविली, ते काम एकवीस दिवस चालिले. बाईंनी श्रावणाची आकृती आठवोन काढावयास घेतली, निम्मी आठवली, निम्मी नाही, आणि म्हाताऱ्याचा रेडिओ मुकाच परत गेला. म्हातारा रेडिओ छातीशी धरोन निघोन गेला. त्या दिवशी बाई दुकानाच्या मागे जाऊन रडल्या.

पुढे फाल्गुनात महाविद्यालयाची तपासणी करावयास बाहेरून समिती येणार जाहली, आणि प्राचार्य स्वतः टेम्पो घेऊन तांबट आळीत आले. म्हणाले, “दोनच दिवसांसाठी द्या. अहवालात लिहिलंय, दुर्मिळ संग्रह म्हणून. आपलं नावही आहे त्यात.” उस्मानभाई म्हणाले, “साहेब, वाचायचं असेल तर या स्टुलावर बसून वाचा. न्यायला मिळणार नाही.” प्राचार्य बाईंकडे वळोन म्हणाले, “आपण अजून रागावलेल्या दिसता.” बाई म्हणाल्या, “दिसते काय? आहे.” आणि टेम्पो रिकामा परत गेला.

समिती आली त्या दिवशी बाई इस्त्रीनेही न सुधारलेला एक फुगीर अंक घेऊन गेल्या. सभागृहात पडद्यावर त्या समारंभाचा फोटो दाखविणे चालू होते. बाईंनी तो अंक समितीच्या अध्यक्षांपुढे मेजावर ठेविला आणि म्हणाल्या, “फोटोतली ती मी. आणि संग्रह तो हा. यांनी जिन्याखाली कुजवला, उरला तो रद्दीत घातला.” अध्यक्षांनी चिकटलेली दोन पाने नखाने सोडविली, समासातली तारीख वाचिली, मग अहवाल ओढून घेतला आणि दुर्मिळ संग्रहाची ती ओळ शाईने खोडिली. प्राचार्य काही बोलू लागले तो अध्यक्ष म्हणाले, “बसा तुम्ही.” बाईंनी आपला अंक उचलिला आणि निघाल्या.

तात्पर्य, प्राचार्य अद्याप गादीवर आहेत, आणि चैत्रात त्यांस गुणवंत प्रशासक म्हणोन मानपत्र मिळाले. अंक तांबट आळीत आहेत, कारागीर येऊन वाचितात, पाने उलटताना हात पुसितात. शरयूबाईंचा राग गेला नाही. तो जावा म्हणोन त्यांस देवदर्शनाचा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. एकशे अठरा अंक कोणत्या कारखान्यात लगदा जाहले ते शोधितो म्हणणारा एकही निघाला नाही.