जुळवून घेणारा शंट

विद्युत उपकरणांच्या चाचणी केंद्रात नवा शंट बनवण्याचं काम ज्या अभियंत्याकडे होतं, त्याच्या हातून एक गंभीर चूक घडली. त्याचा शंट बरोबर मोजू लागला.

शंट म्हणजे धातूचा जाडजूड तुकडा. त्यातून हजारो अँपिअर सोडायचे आणि दोन टोकांमधला इवलासा व्होल्टेज मोजून प्रवाह ठरवायचा. जुन्या शंटच्या मोजणीच्या तारा ऐसपैस पसरलेल्या. प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र त्यांत घुसे आणि आकडा फुगे. अभियंत्याने नळीत नळी बसवली आणि तारा आतल्या पोकळीतून नेल्या. तेव्हा कळलं, केंद्र वीस वर्षं ज्याला पन्नास हजार अँपिअर म्हणत होतं, ते जेमतेम सेहेचाळीस हजार होते.

म्हणजे शॉर्टसर्किट झाल्यावर वीज तोडणारे जे ब्रेकर इथून पास होऊन गेले, ते सगळे कमी प्रवाहावर पास झाले होते. आणि आता रांगेत होता त्याच्या बहिणीच्या हॉस्पिटलचा ब्रेकर. ती तिथे ऑपरेशन थिएटरात नर्स होती.

"तुमचा शंट आठ टक्के कमी दाखवतो," साहेब म्हणाले.

"साहेब, जुना जास्त दाखवतो."

"जुन्याकडे प्रमाणपत्र आहे."

"ते कशाशी ताडून दिलं?"

साहेबांनी फाइल चाळली. "त्याच्याशीच. वीस वर्षांत एकदाही फरक आलेला नाही."

समिती बसली. नव्या शंटची अचूकता कोणीच नाकारली नाही. ती फक्त 'प्रचलित निष्कर्षांशी विसंगत' ठरली. एका सदस्याने अँपिअरच आठ टक्क्यांनी शिथिल करण्याचं सुचवलं, पण त्याला वरून मंजुरी लागणार होती. अखेर आदेश निघाला: नव्या शंटने जुन्याशी जुळवून घ्यावं, अन्यथा अभियंत्याची भांडारात बदली करावी.

अभियंता दोन दिवस धुमसला. तिसऱ्या दिवशी त्याने पक्कड घेतली, तारा नळीबाहेर ओढल्या आणि आकडा पन्नास हजारांवर येईपर्यंत पसरत नेल्या. त्याला स्वतःची लाज वाटली. समितीने मात्र त्याच्या संशोधनाचं अभिनंदन केलं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, आमचा ब्रेकर पास झाला का रे?"

"झाला."

"सुटलो बाई. नाहीतर थिएटर तीन महिने बंद राहिलं असतं. नीट तपासलास ना?"

"दोन शंटांवर तपासला," तो म्हणाला. "दोन्हींचा आकडा एकच आला."

तुमच्या जिन्याखालच्या ब्रेकरवरही याच केंद्राचा शिक्का आहे. खरा आकडा हवा असेल, तर लेखी अर्ज केल्यास अभियंता तो द्यायला तयार आहे. मात्र मग ब्रेकर बदलेपर्यंत इमारतीची वीज बंद राहील. अजून तरी तुमचा अर्ज आलेला नाही.