मातीची लँडमास्टर

एकोणीसशे शहात्तर साली गणपती नुकतेच उठले होते, आणि कर्जतच्या मोहल्ल्यात हमिदाच्या ओट्यावर तिचा भाऊ अली एक चकचकीत खोकं घेऊन बसला होता. अली बोटीवर नोकरीला. वर्षातून एकदा घरी यायचा तेव्हा कुणाला साबण, कुणाला छत्री, कुणाला जॉर्जेटचं कापड असं काहीबाही आणायचा. या खेपेला त्याने मेहुण्यासाठी मोटार आणली होती.

खोक्यावर निळीशार मोटार छापलेली होती. हमिदाने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"या अल्ला! फुटली रं अली. पार भुगा झाला तिचा."

"फुटली नाय, आपा. ती तशीच येते. सुटी. आपण घरी जोडायची."

"नवी गाडी सुटी विकतात? आणि तू घेतलीस?"

"जोडण्यातच मजा असते गं."

"आमची गाडी भंगारवाल्यानं सुटी करून नेली, तवा आमाला काय मजा आली नाय."

आत खाटेवर बसलेले झाकीरभाई हे ऐकून हसले. ते हसले म्हणून हमिदा अलीवर आणखी रागावली नाही. अलीकडे ते फारसे हसत नसत.

झाकीरभाईंची टॅक्सी होती, लँडमास्टर. कर्जतहून खालापूरला कचेरीत जाणारी माणसं, लग्नाची वऱ्हाडं, अडलेल्या बाया, साऱ्यांना त्यांनी वर्षानुवर्षं पोचवलं. मग डोळ्यांत काचबिंदू झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही आणि आहे तीही हळूहळू जाईल. लायसन गेलं, मागोमाग गाडी गेली. तेव्हापासून झाकीरभाई खाटेवर बसून गल्लीतल्या गाड्यांचे आवाज ऐकत. एकदा ते हमिदाला म्हणाले, "थोडं दिसतंय तवर तिला एकदा बघायला पायजे होती."

गाडीचा धड एक फोटोही घरात नव्हता. जे होते त्यांत नवरदेव होते, हार होते, आणि हारांच्या मागे कुठेतरी एक दिवा. अली सांगायचा, परदेशात लहान लहान हुबेहूब गाड्या मिळतात. हमिदाने त्याला बजावून सांगितलं होतं, आमची आण. आत्ता दिसेल, आणि पुढे दिसेनासं झालं तर हातात तरी धरता येईल.

"पण ही आपली नाय ना?" झाकीरभाईंनी आतून विचारलं.

"अमेरिकन हाय, दुल्हेभाई. पण गाडी ती गाडीच." अली जरा ओशाळला. "जोडल्यावर दिसंल आपल्यासारखी."

जोडायला धर्माजी आला. धर्माजी बौद्धवाड्यात राहायचा आणि रेल्वेच्या यार्डात कामाला होता. त्याच्या लग्नात मोटार ठरवायला गेला तेव्हा एकाचं टायर नेमकं बसलं होतं, दुसऱ्याचं पेट्रोल नेमकं संपलं होतं. वाड्यातल्या वराती असल्या की गावातल्या गाड्यांना असले आजार व्हायचे. झाकीरभाईंनी मात्र लँडमास्टर वेळेवर दारात आणून उभी केली होती. त्या दिवसापासून धर्माजी तिला निम्मी आपलीच समजत असे.

कागदावरच्या सूचना जपानीत होत्या. धर्माजीने तो कागद सुलटा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला, आणि बाजूला ठेवला. "आमी इंजिनं हाकलतो, हे काय खेळणं!" असं म्हणून त्याने डिंकाची नळी दाबली. नळी हवी होती त्यापेक्षा बरीच जास्त दाबली गेली. गाडी तयार झाली, पण एक चाक धर्माजीच्या अंगठ्याला चिकटलं ते निघेना. तसाच तो ड्युटीवर गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मालगाडीला हिरवा बावटा दाखवला तर डायवर माझ्या अंगठ्याकडंच बघत ऱ्हायला. गाडी सोडायची विसरला."

चाक सुटलं, गाडीला लागलं, गाडी झाकीरभाईंच्या हातात गेली. त्यांनी ती नाकाजवळ नेऊन पाहिली. पाठीमागे माशाच्या परांसारखे दोन उंच पंख होते.

"ही नाय," ते हळूच म्हणाले.

"पंख काढू की!" धर्माजी म्हणाला. त्याने सुरी चुलीत तापवली आणि पंख कापले. एक नीट निघाला. दुसऱ्याबरोबर टपाचा कोपरा आला. तो बसवायला गेला तर टप वाकला. टप सरळ करायला सुरी पुन्हा तापवली. शेवटी जे उरलं ते निळ्या होडीसारखं दिसत होतं.

झाकीरभाईंनी तीही नाकाजवळ नेली. "मेहनत लई घेतलीस, धर्माजी," ते म्हणाले. "पण ही बी नाय."

त्यावर हमिदाने मोर्चा भावाकडे वळवला. "तुला लँडमास्टर आणायला काय झालं होतं?"

"नायच मिळत, आपा. सिंगापूरला बघितलं, जपानला बघितलं. भिंतभर गाड्या. शर्यतीच्या लाल गाड्या, राजेलोकांच्या गाड्या. रणगाडे सुद्धा हायेत. लँडमास्टर नाय."

"माणसं मारायची गाडी करतात, आणि माणसं कचेरीत पोचवायची करत नाय?"

"दुकानदाराला मी तेच विचारलं. तो म्हणाला, साचा करायला लई खर्च येतो. म्हणून लोक जी गाडी स्वप्नात बघतात तीच करायची. दारात उभी असते ती कोण विकत घेणार?"

"आमच्या दारातून ती गेली ना आता," हमिदा म्हणाली. "आता आमच्या बी स्वप्नातच येते. सांग जा त्याला."

"शर्यतीचंच म्हणाल तर," धर्माजी म्हणाला, "खालापूरच्या रस्त्यावर झाकीरभायनी एस.टी.ला कितीदा मागं टाकलंय! पण तिथं फोटो काढायला कोण उभा होता?"

अली सुट्टी संपवून बोटीवर गेला. जाताना ती होडी आपल्या पेटीत घालून घेऊन गेला, बिचारा. हमिदा मात्र स्वस्थ बसली नाही. परदेशात साचा नाही तर नाही. कर्जतमध्ये साचे कुणाकडे असतात? गणपतीवाल्याकडे. ती धर्माजीला घेऊन थेट नदीपलीकडे पदूच्या कारखान्यात गेली.

पदू हंगाम संपवून पाय पसरून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"वाहनं मी करतो, भाबी. उंदीर करतो, मोर करतो, सिंव्ह करतो. मोटार कधी केली नाय."

"मंग आता कर. मोरापेक्षा सोपी. पिसं नायत."

"पण मी ती जवळून बघितलेली नाय. ज्यांनी बघितली ते समोर बसून सांगत असतील तर करतो. आणि शाडू उरलाय तेवढाच हाय, कमीजास्त चालवून घ्या."

समोर बसायला धर्माजी होताच. पळसदरीच्या विठाबाईला कळलं, तीही आली. विठाबाई भाजीच्या पाट्या घेऊन लँडमास्टरने खालापूरच्या बाजाराला जायची. तिने गाडी पाहिली होती ती मागून, पाट्या चढवताना नि उतरवताना.

"डिकी वाढव रं," विठाबाई म्हणाली. "माझ्या सगळ्या पाट्या मावून वर कोंबड्या बसायच्या तिच्यात."

पदूने डिकी वाढवली.

"बॉनेट बारकं झालं," धर्माजी म्हणाला. "माझ्या वरातीला त्याच्यावर फुलांची कमान उभी केली होती. वाड्याच्या तोंडाशी बॉनेट आलं, तवा मी अजून चावडीजवळ होतो!"

पदूने बॉनेट लांबवलं. माती होती तेवढीच. डिकीला दिलेली आणि बॉनेटला दिलेली, दोन्ही माती मधूनच काढावी लागली. मधला भाग हळूहळू आक्रसत गेला, पण त्या भागाबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

हमिदाचं म्हणणं फक्त दिव्यांबद्दल होतं. "संध्याकाळी वळणावरून यायची, तवा दिवे पयले दिसायचे. शांत होते. भडक नको."

पदूचा हात जन्मभर एकाच प्रकारचे डोळे आखत आला होता. त्याने दिवे केले, रंगवले, आणि सवयीने वर पापणी ओढली. मग भुवईसुद्धा. गाडी प्रसन्न दिसू लागली. विठाबाईने पदर सावरून जवळजवळ हात जोडले, मग भानावर येऊन ते गुडघ्यावर आपटले.

"शांत झालेत," हमिदा म्हणाली. "राहू दे."

रंग वाळल्यावर पदू स्वतः गाडी पोचवायला निघाला. ओल लागू नये म्हणून विठाबाईने आपलं एक जुनं लुगडं वर झाकायला दिलं. पदूने पाट डोक्यावर घेतला आणि सावकाश, धक्का न लावता, जसा तो नेहमी चालायचा तसा बाजारातून चालू लागला. मागे धर्माजी, विठाबाई आणि हमिदा.

"काय पदूशेट, अजून कुणाचा राहिला?" एका दुकानदाराने विचारलं.

पदूला मान हलवता येईना, बोललं तर तोल जाईल. तो गप्प राहिला. न बोलण्यामुळे लोकांची उत्सुकता वाढली. एक मागे लागला, दोन लागले, मागून चार पोरं आली. पाट मोहल्ल्याकडे वळला तेव्हा तर चहाची दुकानं ओस पडली. हमिदाच्या ओट्यापुढे माणसं दाटली. पदूने पाट उतरवला, विठाबाईने लुगडं काढलं.

कुणीतरी ओरडलं, "अरे! ही तर झाकीरभायची लँडमास्टर!"

आणि एकच कालवा झाला. "हीच, हीच!" "माझ्या बायकोला हिनंच दवाखान्यात नेली!" "जमिनीच्या दाव्याला आमी हिच्यातच जायचो!" वाकड्यातिकड्या त्या मातीच्या गोळ्यात ज्याला त्याला आपापली गाडी बरोबर दिसली. हमिदाने गाडी उचलून खाटेवरच्या झाकीरभाईंच्या मांडीवर ठेवली.

झाकीरभाईंनी डोळे मिटले आणि हात फिरवला. बॉनेटवरून हात बराच वेळ पुढे पुढे जात राहिला. मग डिकीवरून गेला. मग मध्ये आला आणि थांबला.

"धर्माजी," ते म्हणाले, "मी कुठं बसायचो?"

धर्माजीने खाली पाहिलं. सगळ्यांनीच खाली पाहिलं. बॉनेट आणि डिकीच्या मध्ये एक उंदीरसुद्धा बसला नसता.

"आत काय हाय, पदू?"

"माती," पदू म्हणाला. "भरीव हाय. मजबूत."

झाकीरभाई हसायला लागले. "तुमी म्हणता तर अशीच असंल. मी तिला बाहेरून बघितली कवा? सकाळी आत बसायचो, दिवेलागणीला उतरायचो. उतरलो की सरळ जेवायला. तिचं तोंड कसं होतं ते मला ठाऊकच नाय रं. मला ठाऊक काय, तर पुढची काच, त्या काचेतला रस्ता, आणि हातातलं ते चाक."

"मंग एवढे दिवस 'ही नाय, ही नाय' कशाला म्हणत होतात?" हमिदा कडाडली.

"मला पण आत्ताच कळलं, गं."

माणसं पांगली. पदू माती झटकत गेला. धर्माजीला ड्युटी होती. हमिदा गाडी मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसून राहिली. तिच्यासाठी ती अगदी तशीच होती, वळणावरून यायची तशी.

"तुझी मात्र हीच, नाय का?" झाकीरभाईंनी विचारलं.

"हीच. मी बाहेरूनच बघितली ना. आत कवा बसवलीत मला? आज कचेरीचं गिऱ्हाईक, उद्या वऱ्हाड, परवा कुणाची तरी बाळंतीण."

झाकीरभाई खाटेच्या पुढच्या कडेला सरकले. "बस मागं."

"काय?"

"बस म्हणतो ना. कुठं जायचंय?"

हमिदाने इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. उठून तिने खुंटीवरची पिठाची चाळण आणून त्यांच्या हातात दिली आणि मागे जाऊन पदर सावरून बसली.

"खालापूर," ती म्हणाली.

झाकीरभाईंनी चाळण दोन्ही हातांनी धरली. "हॉर्न नाय हिला."

"हॉर्न मी वाजवते. चला."

गाडी निघाली. फाटक लागलं, उघडलं. चढ आला, तेव्हा झाकीरभाई पुढे वाकले आणि नकळत हमिदाही वाकली. "पळसदरी आली. डावीकडं तळं बघ. पाणी चांगलं हाय यंदा."

"तुमाला दिसतंय?"

"सगळं," झाकीरभाई म्हणाले.

एवढ्यात लुगडं विसरलं म्हणून विठाबाई परत आली. दारात थबकून तिने खाटेकडे पाहिलं, चाळणीकडे पाहिलं.

"कुठं चाललाव?"

"खालापूरला," हमिदा लाजून म्हणाली.

"मंग मला पळसदरीला सोडा की!" विठाबाई म्हणाली आणि खाटेवर चढून बसली.

"पळसदरी मागं गेली, विठाबाय," झाकीरभाई म्हणाले. "येताना सोडतो."

झाकीरभाईंची नजर पुढच्या दोन-तीन वर्षांत पुरती गेली. खाट मात्र रोज संध्याकाळी खालापूरला जात राहिली, ते गेले त्या आठवड्यापर्यंत. धर्माजी ड्युटी नसली की पुढे त्यांच्या शेजारी बसायचा आणि एस.टी. मागे पडली की मागच्यांना सांगायचा. तो रेल्वेतून निवृत्त झाला आणि मुलाकडे कल्याणला राहायला गेला. विठाबाईने बाजार सोडला, पण शेवटपर्यंत ती सांगत असे की डिकी आणखी मोठी होती. पदूला एका मंडळाने मोटारीत बसलेला गणपती करायला सांगितला, तेव्हा त्याने सगळ्यांत आधी सीट केली. अलीने बोट सोडून खोपोलीत दुकान टाकलं. त्यात सुट्या गाड्यांची खोकी होती, लाल, निळी, पिवळी. लँडमास्टर तेव्हाही कुणी काढली नव्हती.

हमिदा सर्वांत जास्त जगली. तिच्या नातवाने नवी गाडी घेतली तेव्हा पहिल्या दिवशी तो आजीला घेऊन खालापूरला गेला. एसी होता, गाणी होती, रस्ता रुंद झाला होता. तिथे पोचल्यावर त्याने हौसेने विचारलं, "कशी वाटली गाडी, दादी?"

"चांगली हाय," हमिदा म्हणाली. "पण तुझे दादा लवकर पोचवायचे."