भार ठेवणाऱ्याचे नाते

चिंचखेडात अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत कोणाचेही पाय जमिनीला लागत नाहीत. पोरं हात-दीड हात वर तरंगतात. म्हणून त्यांच्या कमरेला दोरी बांधलेली असते आणि दुसरं टोक घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात असतं. बालगृहातल्या पोरांच्या दोऱ्या मी धरते. बावीस वर्षं हीच नोकरी. नाव गोदावरी, पोरं गोदामावशी म्हणतात.

अठराव्या वाढदिवशी घरोघरी मामा येतो. पुरणपोळ्या चापतो आणि भाच्याच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकतो. टाचा टेकल्या की तहसील कचेरीत अर्ज द्यायचा, मग पाय कायम होतात. फक्त भार खरा लागतो. नाटकापुरता टाकलेला जमीन घेत नाही. म्हणून शहाणा मामा आधी काहीतरी मनापासून मागतो. "चष्म्याशिवाय मला दिसत नाही रे, आजपासून माझी पत्रं तू वाचायची," असं काहीतरी. मग पोरगं धप्पकन खाली येतं.

बालगृहात मामा येत नाही. तिथे वाढदिवशी सकाळी दहाला दोरी सोडायची, असा नियम आहे. मी आजवर सात दोऱ्या सोडल्या. पोर ज्या दिवशी दाखल होतं त्या दिवशीचं नक्षत्र कॅलेंडरात बघून आमच्याकडे नाव ठेवतात. विशाखा पाण्याच्या टाकीला अडकली, ती तिथेच टाकी रंगवते. स्वाती घाटापलीकडे दिसली, असं एसटीचा कंडक्टर म्हणाला. बाकीच्या पाच जणांचं काही कळलं नाही.

आर्द्रा आठवी. अडीच वर्षांची असल्यापासून मी तिला धरलेलं. तिची दोरी मी सोडणार नव्हते.

आठवडाभर आधी मी कचेरीत गेले. ती तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीत गिरमे भाऊसाहेब होते.

"भार ठेवणाऱ्याचं नातं?" त्यांनी विचारलं.

"दोरी धरणारी."

"हे नातं आमच्या यादीत नाही, बाई."

"मग रकाना मोकळा ठेवा."

"मोकळ्या रकान्यावर शिक्का बसत नाही. आणि आधी मुलीच्या टाचा टेकलेल्या हव्यात. त्या टेकल्यात का?"

टेकल्या नव्हत्या. त्या दुपारी मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि आर्द्राच्या खांद्याला लोंबकळले. आम्ही दोघीही पंख्यापर्यंत वर गेलो.

"मावशी, तू काही मागितलंच नाहीस," आर्द्रा वरून म्हणाली.

"मला काही नकोय."

"तुला कधीच काही नको असतं."

ते खरं होतं. नवरा गेला तेव्हाही मी कोणापुढे हात पसरला नव्हता. डावा गुडघा तीन वर्षं ठणकतोय, तेही कोणाला सांगितलं नव्हतं. याचा मला अभिमान होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

वाढदिवशी दहा वाजता अधीक्षक कुलथे साहेबांनी अंगणात आदेश वाचला. माणूस वाईट नाही. वाचताना त्यांनी डोळे वर केले नाहीत.

"गोदाबाई, दोरी सोडा."

"मी आज रजेवर आहे, साहेब."

"रजेवर असाल तर दोरी हातात कशी?"

"ही दोरी घरची आहे. तुमची त्या खुंटीला आहे, मोजून घ्या."

त्यांनी खुंटीकडे पाहिलं. दोरी होती. मी आदल्या दिवशी बदलली होती. साहेबांनी आदेशाची घडी घातली आणि म्हणाले, "कचेरी एकला जेवायला बंद होते."

आम्ही निघालो. वारं उलटं होतं. मारुतीच्या पारापाशी दोरीने तळहात सोलला, तेव्हा ती मी मनगटाला गुंडाळून घेतली. ही उडाली तर मीही उडेन, एवढंच मनात होतं. खूप भीती वाटत होती, आणि पाय चालत होते.

कचेरीचे दोन मजले मी कठड्याला धरून चढले. तिसऱ्या जिन्याला कठडा नाही. सातव्या पायरीवर डाव्या गुडघ्याने जीव सोडला. मी मागे जायला लागले. धरायला काहीच नव्हतं. शेजारी आर्द्राचा खांदा होता.

"धर गं मला!" मी ओरडले.

बावीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मी पूर्ण तिच्यावर कोसळले. खाली टाचा आपटल्याचा आवाज झाला.

आर्द्रा पायाकडे बघत होती. "मावशी, पायरी गार लागते," ती म्हणाली. मग रडली. मीही रडले. गुडघा भयंकर दुखत होता, पण नुसत्या गुडघ्यासाठी रडत होते असं म्हणता येणार नाही.

उरलेल्या पायऱ्या तिने मला धरून चढवल्या. खिडकीशी पोचलो तेव्हा एकला पाच कमी होते. अर्ज तिने स्वतः भरला. नात्याच्या रकान्यापाशी थोडी थांबली आणि लिहिलं: 'हिचा गुडघा दुखतो.'

गिरमे भाऊसाहेबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. त्यांनी यादी काढली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि यादी मिटली.

"कोणता गुडघा?"

"डावा," आर्द्रा म्हणाली.

"मग तसं स्पष्ट लिहा. अपुरा तपशील चालत नाही."

तिने 'डावा' लिहिलं. भाऊसाहेबांनी शिक्का मारला आणि खिडकी बंद केली.

मी मनगटावरची दोरी सोडवली आणि गुंडाळून पिशवीत टाकली. पुढच्या महिन्यात बालगृहातल्या मघा नावाच्या पोरीला अठरा पूर्ण होतात. आर्द्रा जिन्याच्या तोंडाशी, गार फरशीवर अनवाणी उभी होती.

"मावशी, उतरताना जास्त दुखतं ना?"

"हो," मी म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर हात टाकला.