आईची आणि आईंची

"एकाच नावाच्या दोन खोल्या चालत नाहीत," इन्स्पेक्टर मेन बोर्डवर टॉर्च मारत म्हणाले. "सात नंबरच्या खटक्याखाली 'आईची खोली', आठखाली पुन्हा 'आईची खोली'. नक्की कुठली?"

सूनबाईने चमकून बोर्डाकडे पाहिलं. नव्या घराची ही शेवटची तपासणी. कागदावर सही झाली की घर राहायला मोकळं, आणि रविवारी जुन्या घराची किल्ली परत द्यायची होती. अर्थिंग ठणठणीत, वायरिंग चोख, सगळं कसं सुरळीत चाललं होतं. आणि गाडी अडली कुठे, तर खटक्यांखालच्या चिठ्ठ्यांवर!

"चूक झाली असेल हो," तिचा नवरा हसून म्हणाला. "आमच्या घरात आई एकच आहे."

"बघू या की," इन्स्पेक्टर म्हणाले आणि त्यांनी सातवा खटका पाडला. सासूबाईंच्या मोठ्या खोलीतला दिवा गेला. आठवा पाडला, तर मागच्या बाजूच्या छोट्या खोलीतला गेला. त्यांनी नकाशा उलगडला. "इथं तर अडगळीची खोली दाखवलीय."

"अडगळीचीच आहे ती," नवरा छातीठोकपणे म्हणाला. बिचारा गेल्या महिन्याभरात तिकडे फिरकलाच नव्हता.

दोन्ही खटके पुन्हा वर करून वायरमनसकट सगळी वरात त्या खोलीकडे निघाली. मागोमाग सासूबाईही चष्मा सावरत आल्या. इन्स्पेक्टर माणूस भलताच चौकस. भिंतीवरून हात फिरवत ते मोजायलाच लागले.

"पलंगाच्या उशाशी दिव्या-पंख्याचे स्विच. प्लग कमरेच्या उंचीवर. खाली रात्रीचा मंद दिवा. आणि ही बेल कसली?"

"स्वयंपाकघरात वाजते," वायरमन अभिमानाने म्हणाला.

"अडगळीला बेल? म्हणजे जुन्या बादलीला तहान लागली की ती बेल वाजवणार?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"माझ्याकडे नका बघू साहेब," वायरमनने हात वर केले. "वहिनींनी फोनवर सांगितलं, 'सातवी आईंची, आठवी आईची.' मी म्हटलं, अहो वहिनी, तेच झालं की! तर म्हणाल्या, तेच कसं, एकीवर अनुस्वार आहे. आता फोनवर टिंब दिसतं का कुणाला?"

सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं होतं. त्या ताडकन पुढे आल्या. "अरे, म्हणजे माझा अनुस्वार तू खाल्लास! 'आईंची' म्हणजे मी. अहोजाहोतली आई. आणि..." त्या मध्येच थांबल्या. "आणि ही बिनटिंबाची कोण?"

सूनबाईने हे सांगायचा आजवर दहा वेळा तरी प्रयत्न केला होता. शब्द अगदी ओठांपर्यंत यायचे आणि तोंडातून निघायचं, "चहा ठेवू का?" आज चहा ठेवायला गॅसही नव्हता.

"माझी आई," ती एकदाची बोलून गेली. "बाबा गेल्यापासून एकटीच असते. गुडघे धरलेत तिचे. तिला इथं आणावं असं फार वाटतं मला. मी विचारणारच होते."

"कधी?" नवऱ्याने विचारलं.

"खोली तयार झाल्यावर."

"आधी बेल आणि मग विचारणं! वा!"

इन्स्पेक्टर खाकरले. "तुमचं घरातलं तुम्ही बघा. इथं माणूस राहणार असेल, तर नकाशात 'शयनगृह' अशी दुरुस्ती हवी. खिडकी आहे, माझी हरकत नाही. पण मालकाची सही लागेल. घर कुणाच्या नावावर?"

"माझ्या," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने घाईघाईने तोडगा काढला, "आई, सध्या 'पाहुण्यांची खोली' लिहून टाकू ना." सुनेला ते चांगलंच लागलं. पाहुणा म्हणजे परत जाणारा.

सासूबाईंनी रंगाचा रिकामा डबा उलटा घातला, पलंग यायचा होता तिथे ठेवला आणि त्यावर बसून स्वतःची तपासणी सुरू केली. बसल्या जागेवरून पंखा लावला. बंद केला. पुन्हा लावला. उठून प्लगला हात लावून पाहिला.

"ही उंची कुणी ठरवली?"

"मी. आईला वाकता येत नाही ना."

"हं. आणि मला येतं?"

मोठ्या खोलीतले प्लग कुठे आहेत, हेही सुनेला धड आठवेना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाईंनी नकाशावर सही ठोकली, वायरमनकडून दोन कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन घेतलं आणि त्या एकट्याच बोर्डकडे गेल्या. इन्स्पेक्टर पाहायला आले, तेव्हा आठखाली 'आईंची खोली' होती, अनुस्वार चांगला ठसठशीत. आणि सातखाली 'विहीणबाईंची खोली'.

"बाई, चिठ्ठ्या उलट्या लागल्या. सात म्हणजे ती मोठी."

"ठाऊक आहे. विहीणबाई मोठ्या खोलीत राहतील. करा सही."

इन्स्पेक्टरांनी सही केली. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिला राहवेना.

"अहो आई, पण त्या खोलीत पंखा बंद करायला उठावं लागतं. प्लगसाठी तर पार खाली वाकावं लागतं."

"लागतं ना. पण मी म्हटलं असतं, तर तुम्ही दोघं 'बघू' म्हणाला असतात," सासूबाई पेनाचं टोपण लावत म्हणाल्या. "आता तुझी आई म्हणेल. दुसऱ्या दिवशी वायरमन हजर असेल."